चारचौघांत न्यायचे हात

घरातलं सगळं आवरल्यावर भट्टीवाली हात घासायला बसली. हात तिनं मुद्दाम शेवटी ठेवले होते. आधी घासायचे आणि मग पुन्हा चुलीतल्या राखेत घालायचे, असला दळभद्रीपणा आजच्या दिवशी तरी नको होता. मागच्या दारी तिनं पाट टाकला. समोर गरम पाण्याचं घमेलं, चार लिंबं आणि वजरी. वजरी म्हणजे भट्टीतूनच निघालेला जळका, भोकाभोकांचा दगड. बाजारातली वजरी बायका टाचा घासायला नेतात. चुनाभट्टीवरच्या बाईच्या टाचा बघायला कोण बसलंय? तिला हात घासावे लागतात.

चुना माणसाचा हात खातो. दगड भाजायचा, पाणी मारून फोडायचा, हे पुरुषांचं काम. त्याची फक्की झाली की ती चाळायची आणि बोटांच्या चिमटीनं खडे वेचायचे, हे बायकांचं. पहिल्या महिन्यात बोटं सोलतात, दुसऱ्या महिन्यात निबर होतात आणि मग जन्मभर भेगांतून पांढरं काही जात नाही. म्हणून चारचौघांत जायचं असलं, लग्नकार्याला, दवाखान्यात, शाळेत मास्तरांना भेटायला, की आदल्या दिवशी नाही तर त्याच सकाळी लिंबू चोळायचं आणि वजरीनं हात घासून गुलाबी करायचे, ही भट्टीवरच्या लोकांची जुनी रीत. तिला ती सासूनं शिकवली होती. सासू म्हणायची, "लोक आधी हात बघतात आणि मग बसायला द्यायचं का उभं ठेवायचं ते ठरवतात." सासूला जाऊन आता दोन वर्षं झाली होती, पण तिचा शब्द घरात अजून चालत होता.

आज जायचं होतं ते लग्नाला नव्हे. आज जायचं होतं समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशात. नवरा तीन वर्षांपूर्वी तिकडे गेला होता, मासळीच्या कारखान्यात. दर फोनला "कागद होतायत, होतायत" म्हणायचा. कागद होईपर्यंत इकडे भट्टी विझली. डोंगराला तारेचं कुंपण पडलं, दगड कंपनीचा झाला. लोकांना आता डब्यातला रंग हवा, चुना कुणाला हवाय? सासरा हसून म्हणायचा, "आयुष्यभर लोकांना चुना लावून पोट भरलं, शेवटी आपल्यालाच लागला." हसायचा खरा, पण ते हसू त्याच्या तोंडावर टिकत नसे. आता कागद झाले होते. तिचे, थोरलीचे आणि धाकट्याचे. सासऱ्याचे झाले नव्हते. म्हाताऱ्यांना तिकडे घेत नाहीत म्हणे.

"हात आण," ती थोरलीला म्हणाली.

थोरली चौदाची. आजी गेल्यापासून शाळा सुटली की चाळणीवर बसायची. तिनं हात पुढे केले आणि म्हणाली, "माझे स्वच्छच आहेत गं. महिनाभर चुन्याचं तोंड पाहिलं नाही."

ते खरं होतं. कागदपत्रं करून देणाऱ्याला सगळे पोपट म्हणत, कारण त्याचं तोंड कधी मिटत नसे. त्या पोपटानं बजावलं होतं, "महिनाभर चुन्याला शिवायचं नाही. बंदरावर यंत्र आहे, ते हात बघतं. हात चांगले हवेत." यंत्र हातात नेमकं काय बघतं ते त्यानं सांगितलं नाही, आणि यांनी विचारलं नाही. इतकं बोलणाऱ्या माणसानं काही सांगायचं ठेवलं असेल असं कुणाच्या मनात तरी येईल का?

भट्टीवालीच्या मनात मात्र दुसरंच सलत होतं. गेल्या वर्षी घाईत हात न घासताच बोटांचे ठसे द्यायला गेले होते, तेव्हा खिडकीतल्या बाईनं थोरलीचं बोट काचेवरून उचललं आणि फडक्यानं काच पुसली. एकदा पुसली, मग पुन्हा पुसली. म्हणाली, "घरी पाणी नसतं का?" रांगेतले दोघंतिघं हसले. थोरली घरी येईपर्यंत हात ओढणीखाली धरून बसली होती. तेव्हाच आईनं मनाशी म्हटलं होतं, पुढच्या खेपेला माझ्या पोरीच्या हाताला कुणी नाव ठेवून दाखवावंच.

तिनं लिंबू पिळलं, चोळलं आणि वजरी लावली. तळवे, मग बोटं, मग पेरं. महिनाभराच्या विश्रांतीनं थोरलीच्या बोटांवर नवी कातडी आली होती, तान्ह्या बाळाच्या असते तशी पातळ. त्या कातडीत अजून कुठं कुठं पांढरं दिसत होतं, की तिला तसं वाटत होतं, देव जाणे. तिनं जोर लावला.

"आई, आग होतेय."

"होऊ दे. आता एकदाच."

"रक्त येईल."

"काही येत नाही. सोस जरा. तिकडे गेल्यावर मासळीला हात लावायचा नाहीस तू, शाळेत जायचंय. तिथली पोरं बघतील ना हात."

उंबऱ्यावर सासरा बसला होता. त्याला आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण कान शाबूत होते. वजरीच्या आवाजावरून त्याला सगळं समजत होतं. "बोटांची टोकं घास गं नीट," तो म्हणाला. "चुना टोकातच दडून बसतो. तुझ्या सासूचीही तीच बोंब असायची."

मग तिनं टोकं घासली. दहाही बोटांची. थोरलीनं डोळे मिटून घेतले आणि ओठ दाबून धरला. शेवटी गरम पाण्यात हात बुडवले तेव्हा ती अर्धवट उठलीच, पण ओरडली नाही. हात बाहेर काढले तर काय, गुलाबी, गुळगुळीत, दिवाणखान्यात बसणाऱ्या बायकांसारखे. आईनं ते उलटसुलट करून पाहिले आणि तिला इतकं बरं वाटलं की तिनं ते गालाला लावले.

आपले हात तिनं घाईघाईनं उरकले. टेंपोवाला तोवर भोंगा वाजवायला लागला होता. शिवाय तिचे हात म्हणजे वीस वर्षं चुना खाऊन झालेली कातडी, वजरीच झिजायची. राहिला धाकटा. त्याला सगळे ढब्बू म्हणत. नाव ढब्बू आणि अंगावर मूठभर मांस नाही. तो पाच वर्षांचा, त्याच्या बोटांना कुणी विचारणार नव्हतं.

सासरा बंदरापर्यंत येणार होता. "मला काय दिसणार आहे तिथं," असं तो आठवडाभर म्हणत होता, आणि सकाळी सगळ्यांच्या आधी टेंपोत जाऊन बसला होता.

बंदरावरची शेड लांबलचक होती, वर पत्रा, खाली सिमेंट. उकाड्यानं माणसं सुजल्यासारखी दिसत होती. बोचकी, पेट्या, दोरीनं बांधलेल्या गाद्या. शेडच्या टोकाला लोखंडी गज, गजांपलीकडे बोट. सोडायला आलेल्यांनी गजांच्या अलीकडे थांबायचं. आत जाण्याआधी एक टेबल, त्यावर यंत्र आणि त्यामागे चष्मेवाला साहेब.

थोरलीला तिनं पुढे केलं. पोरगी शिकलेली, धीट, विचारलं तर नीट उत्तर देईल. थोरलीनं कागद दिले आणि न सांगता उजव्या हाताची चार बोटं काचेवर ठेवली. भट्टीवाली साहेबाच्या तोंडाकडे बघत होती. तो हातांकडे बघेल, आणि बघितलं की त्याला कळेल, एवढीच तिची इच्छा होती.

यंत्रात लाल दिवा लागला.

"पुन्हा," साहेब म्हणाला.

पुन्हा लाल. डावा हात ठेवला, लाल. अंगठे ठेवले, लाल. साहेबानं तिचा हात धरून उताणा केला आणि डोळ्यांजवळ नेला. मग चष्मा वर करून पाहिलं.

"बोटांना रेषाच नाहीत हिच्या," तो म्हणाला. "काय केलंय हातांना?"

 भट्टीवालीला एका क्षणात सगळं कळलं. यंत्राला स्वच्छ हात नको होते. यंत्राला रेषा हव्या होत्या, गेल्या वर्षी दिलेल्या त्याच रेषा, आणि त्या तिनं आज सकाळी स्वतःच्या हातानं खरवडून घमेल्यात ओतल्या होत्या. करायला गेली एक आणि झालं भलतंच. ती तोंड उघडणार, तेवढ्यात थोरली बोलली.

"मी चुन्यात हात घातले होते, साहेब. काल. गंमत म्हणून."

"गंमत?"

"हो."

साहेबानं जीभ टाळ्याला लावून चुक् केलं. तो काही वाईट माणूस नव्हता. त्यानं फडकं ओलं करून तिची बोटं पुसली, पुन्हा ठेवायला लावली, बोटांवर फुंकर मारली, टेबलाच्या खणातून कसलंसं मलम काढून चोळलं. मागची रांग कुरकुरायला लागली. मलमानं बोटं चुरचुरत असणार, पोरीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं, पण ती हात मागे घेत नव्हती. शेवटी एका पेराला रक्त आलं आणि काचेवर डाग पडला. साहेबानं काच पुसली.

"नाही होणार," तो म्हणाला. "रेषा पुन्हा येतात. दोन महिने हात जपायचे, मग नवा अर्ज करायचा. तुम्ही दोघं जाऊ शकता."

"दोघं म्हणजे?" भट्टीवालीनं विचारलं.

"तुम्ही आणि हा मुलगा."

"आणि ही?"

"ही नंतर."

"मग आम्हीही नंतर जातो, साहेब. तिघं मिळून."

साहेबानं तिचा कागद तिच्याकडे फिरवला आणि बोट ठेवलं. "मुदत आजची आहे, बाई. आज गेला नाहीत तर तुमचंही रद्द. सगळं पहिल्यापासून." पोपटानं स्वस्तातली बोट गाठली होती, ती नेमकी मुदतीच्या शेवटच्या दिवसाची. "बाजूला होऊन ठरवा. बोट थांबणार नाही."

ते बाजूला झाले. खांबापाशी सासरा पेटीवर बसला होता. त्याला काही दिसलं नव्हतं, पण ऐकलं सगळं होतं. त्याचा चेहरा भिंतीसारखा झाला होता. भट्टीवालीनं नवऱ्याला फोन लावला. कारखान्यातल्या यंत्रांच्या घरघरीत त्याचा आवाज आला, "चढलात का?"

तिनं सांगितलं. ठसा जुळत नाही, बोटांच्या रेषा गेल्यात. कशानं गेल्या ते तिच्या तोंडातून निघेना.

"गेल्या म्हणजे? कशानं गेल्या?"

थोरलीनं आईच्या हातातून फोन घेतला. "बाबा, मी चुन्यात हात घातले."

 मग तो जे बोलायला लागला ते खांबापर्यंत ऐकू येत होतं. एवढी घोडी झालीस आणि अक्कल नाही. तीन वर्षं मी इथे बर्फात हात घालून उभा आहे. खोलीत आठ जण झोपतो. एक दिवस, एक दिवस तुला हात सांभाळता आले नाहीत. थोरली ऐकत राहिली. मध्ये "हो बाबा" म्हणायची आणि पुन्हा ऐकायची. भट्टीवालीला वाटत होतं, आता बोलावं, फोन ओढून घ्यावा आणि सांगावं की तिचा काही दोष नाही. सासऱ्यानंही मान वर केली, त्याचे ओठ हलले. पण दोघांच्याही घशातून शब्द फुटला नाही. लाज वाटली म्हणावं, तर लाज एवढी मोठी असते का? भीती म्हणावी, तर भीती कुणाची? दोन मोठी माणसं गप्प बसली आणि पोर शिव्या खात राहिली, एवढं खरं.

फोन परत आईकडे आला. नवऱ्याचा आवाज उतरला होता. "तू ढब्बूला घेऊन चढ. ती राहू दे आजोबांपाशी. दोन महिन्यांनी मी येतो तिला न्यायला."

"तू येशील?"

"येतो म्हटलं ना."

तीन वर्षांत तो असं किती वेळा म्हणाला होता. त्यालाही ते आठवलं असावं, कारण त्यानं फोन ठेवला नाही, नुसता धरून उभा राहिला. शेवटी तिनंच बंद केला.

"मी जात नाही," ती सासऱ्याला म्हणाली. "मामंजी, मी तिला टाकून जात नाही. गेलं सगळं खड्ड्यात."

"आणि मग करणार काय?" सासरा म्हणाला.

"करीन काहीतरी. दुसऱ्याच्या भट्टीवर जाईन."

"कुठं आहे दुसऱ्याची भट्टी? आणि असली तरी ही पोर घरी बसेल होय? तू चाळशील आणि ही बघत बसेल? आठ दिवसांत तुझ्या शेजारी चाळणी घेऊन बसेल. मग कसल्या रेषा येतात आणि कसला अर्ज." त्यानं हातानं चाचपत थोरलीला जवळ ओढलं. "तू गेलीस तर तिकडून चार घास येतील, तेवढ्यावर मी हिला बसवून खायला घालीन. कामाला हात लावू देणार नाही. तू राहिलीस तर चौघं उपाशी आणि हात गेले ते गेलेच."

बोलणं सरळ होतं. त्यात एकही वाकडी जागा नव्हती, आणि म्हणूनच भट्टीवालीला त्याचा राग आला. "तुम्हाला स्वतःचं ताट दिसत नाही, तुम्ही हिला काय सांभाळणार?"

"ही मला सांभाळेल," म्हातारा म्हणाला, आणि मग त्याचा आवाज फाटला. "टोकं घास असं मीच म्हणालो गं. तू थांबली होतीस."

ती थांबली नव्हती. 

बोटीचा भोंगा झाला. ढब्बू भोकाड पसरायच्या बेतात होता, त्याला भूक लागली होती. पेटीवरचं बोचकं थोरलीनं सोडलं आणि आपले कपडे वेगळे काढायला लागली. बोटांची टोकं कुठं टेकवता येत नव्हती म्हणून ती तळहातांच्या मध्ये धरून एकेक कपडा उचलत होती. दोन पोशाख, एक चादर. बाकीचं तिनं पुन्हा बांधायला घेतलं, पण गाठ तिला मारता येईना. भट्टीवालीनं बोचकं ओढून घेतलं आणि गाठ मारली.

"साहेबाला खोटं का सांगितलंस?" तिनं गाठीकडे बघत विचारलं. "बाबालाही. माझं नाव घ्यायचं होतंस."

"तुझं नाव घेतलं असतं तर बाबा तुला बोलले असते."

"बोलू दे ना. मला बोलला असता तर काय झालं असतं?"

"मग तू गेली नसतीस," थोरली म्हणाली. "तुला वाटलं असतं, आता कुठल्या तोंडानं जाऊ." आणि मग, तिची तीच मोठ्या बाईसारखी बोलणारी पोर, एकदम लहान आवाजात म्हणाली, "आई, दोन महिन्यांनी नक्की ना?"

"नक्की," भट्टीवाली म्हणाली.

तिनं पोरीला छातीशी धरलं. थोरलीनं हात वर, बाजूला धरले होते, आईच्या पाठीला लागू नयेत म्हणून. दुखत असणार. भट्टीवालीच्या ते लक्षात आलं आणि तिनं मिठी सैल केली. ती सासऱ्याच्या पाया पडली, त्यानं तिच्या डोक्याऐवजी खांद्यावर हात ठेवला, मग चाचपत डोक्यावर नेला आणि म्हणाला, "जा."

रांग आता संपत आली होती. तिनं ढब्बूला कडेवर घेतलं, बोचकं खांद्याला अडकवलं आणि टेबलापाशी उभी राहिली. साहेबानं तिचा कागद शिक्का मारायला पुढे ओढला. "ठेवा बोटं."

वीस वर्षं चुना चाळलेली बोटं होती ती. पोरीची दोन वर्षं चाळणीवर बसलेली बोटं यंत्रानं ओळखली नाहीत, मग हिची कशी ओळखेल? ओळखणार नाही. लाल दिवा लागेल, साहेब चुक् करेल, आणि तिला कुणी विचारणार नाही की का गेली नाहीस. यंत्रच नाही म्हणालं, असं ती नवऱ्याला सांगेल. मुदत जाईल, परवाना जाईल, खायचे वांधे होतील, होऊ देत. संध्याकाळी चौघंही टेंपोत बसून परत जातील आणि ती पोरीच्या बोटांना तेल लावून देईल. आयुष्यात तिनं देवाकडे जे मागितलं नव्हतं ते तिनं त्या काचेपुढे मागितलं. मला नको म्हण, बाबा. माझी बोटं तुला दिसू देऊ नकोस.

तिनं चार बोटं काचेवर ठेवली. जड ठेवली, हलवली, पुन्हा टेकवली.

हिरवा दिवा लागला. पहिल्याच वेळेला.

"झालं," साहेब म्हणाला आणि शिक्का मारला. तिनं हात उचलला नाही. साहेबानं वर पाहिलं. "झालं, बाई. हात काढा. पुढे चला, मागे माणसं आहेत."